दीड मशीन

मशीनताईला राग यायला फार वेळ लागत नसे, आणि जायलाही. दूध उतू गेलं की राग आला, ओटा पुसून झाला की गेला. त्यामुळे या वेळचा राग तिसऱ्या दिवशीही जागच्या जागी ठाण मांडून बसलेला पाहून खुद्द तिलाच नवल वाटत होतं. घरात दुसरं माणूस म्हणजे एक नवरा. राग त्याच्यावरच होता, आणि त्या गृहस्थाला याचा पत्ताच नव्हता. बायको गॅरेजवाल्यावर चिडली आहे असं धरून तो अधूनमधून गॅरेजवाल्याला नावं ठेवत होता, आणि त्याने आगीत तेल पडत होतं.

तिचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. त्यांना मुलगा नव्हता म्हणून ती शिकली, असं लोक सांगत. खरं म्हणजे मुलगे चांगले दोन होते, पण दोघांच्याही बोटांना धीर नव्हता. सुई खाली येते आणि हुक फिरत येऊन तिचा दोरा उचलतो. ही दोघांची गाठ केसभर चुकली तरी टाका सुटतो. तो केसभर फरक डोळ्यांनी दिसत नाही, बोटांना लागतो. तिला तो बाराव्या वर्षी लागला. आज तिला बावन्नावं चालू होतं, आणि शहरातल्या अकरा शिलाई कारखान्यांतली आणि कितीतरी टेलरांची मशीनं तिच्या बोटांच्या भरवशावर चालत होती. मशीनताई हे नाव त्या टेलरांनीच पाडलेलं.

तिची गाडी म्हणजे तिचं दुकान. जुनी, डब्यासारखी व्हॅन. मागच्या सीट काढून तिने स्वतः फळ्या ठोकल्या होत्या: नंबरवार सुया, बॉबिनचे डबे, पट्टे, तेलाच्या बाटल्या, आणि कायम दोन जादा हेड. हेड म्हणजे टेबलाच्या वरचा मशीनचा ओतीव लोखंडी भाग, सव्वीस किलोचा. एखादं मशीन जागेवर बरं होण्यासारखं नसलं की ती आपलं हेड तिथे बसवून द्यायची आणि त्यांचं उचलून घरी आणायची. दिवसाला तीन-चार वेळा तरी हे उचलणं व्हायचंच, तेही एकटीने. गाडीच्या दोन्ही बाजूंना तिने स्वतःच्या हाताने रंगवलेली अक्षरं होती: ‘शिलाई मशीन दुरुस्ती. जागेवर येऊन.’ अक्षरं वीतभर उंच होती. हे मुद्दाम सांगायचं कारण, गॅरेजवाल्याने ती वाचली नाहीत.

नवरा वाचनालयात होता. पुस्तकांच्या याद्या करायचा, फाटक्या पुस्तकांना पाठ चिकटवायचा, आणि वाचायचा. गाडी शिकायचा प्रयत्न त्याने आयुष्यात एकदाच केला. त्याची खूण फाटकावर अजून होती. माणूस गोड, सरळ, घरकामात बायकोच्या दोन पावलं पुढेच. तिला कुणी नावं ठेवलेली त्याला खपत नसत. म्हणून तर त्या दिवशी गॅरेजात जे झालं ते तिच्या जास्त जिव्हारी लागलं.

झालं ते एवढंच. तिसरा गिअर टाकला की सुटून बाहेर येत होता आणि खालून घरघर ऐकू येत होती, म्हणून ती गाडी घेऊन गेली. नवऱ्याला वाटेत वाचनालयाशी सोडायचं होतं, म्हणून तो बरोबर. गॅरेजवाला चाळिशीचा, कामाला पक्का म्हणून नाव असलेला. त्याने एक चक्कर मारली, गाडी लिफ्टवर चढवली, खालून कान लावला, आणि फडक्याला हात पुसत आला तो थेट नवऱ्यासमोर जाऊन उभा राहिला.

“साहेब, गिअरबॉक्स गेला.”

मशीनताईने विचारलं, कुठला गिअर, दात गेलेत की बेअरिंग. प्रश्न साधा होता, आणि मुद्द्याचा होता. गॅरेजवाल्याने तो ऐकला, त्यावर थोडा हसला, आणि उत्तर दिलं ते नवऱ्याला. “अख्खाच बदलायला लागणार, साहेब. वहिनींना म्हणावं काळजी करू नका.”

आणि नवऱ्याने मान डोलावली. एकदा नाही, दोनदा. वर म्हणाला, “बरोबर आहे.”

गाडी तिच्या नावावर, किल्ली तिच्या मुठीत, प्रश्न तिचा. आणि उत्तर मात्र तिला वळसा घालून अशा माणसाकडे गेलं, ज्याला क्लच पायाशी असतो की हाताशी हे सांगता आलं नसतं. बरं, वहिनी म्हणजे भावाची बायको. इथे भाऊ कोण, तर दहा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा तोंड बघितलेला तिचा नवरा. म्हणजे ती तिथे चाळीस वर्षं लोखंडाशी बोलणारी बाई म्हणून उभी नव्हती, कुणाची तरी बायको म्हणून उभी होती. आणि काळजी करू नका म्हणे. काळजी कोण करत होतं? ती चौकशी करत होती.

असल्या गॅरेजवाल्यांची तिला सवय होती. नव्या कारखान्यात गेली की आधी लोक तिच्या मागे बघायचेच, मेकॅनिक कुठे आहे म्हणून. ते ती चटणीसारखं तोंडी लावून घ्यायची. पण ती डोललेली मान. घरात जो माणूस प्रत्येक गोष्टीत तिला विचारतो, त्याने बाहेर, चार हातांवर तिला उभी ठेवून, न कळलेल्या गोष्टीला मान डोलवावी? तिसरा गिअर सुटावा तसं तिच्या आतलं काहीतरी सुटलं होतं, आणि ते परत बसेना.

तिने गाडी खाली घ्यायला लावली आणि दुसऱ्या गिअरवर, मागच्यांचे हॉर्न खात, घरी आणली.

घराच्या बाजूला सिमेंटची जागा होती, गाडी जेमतेम मावेल एवढी, फाटकाकडे जरा उतरती. त्याच दुपारी तिने बॉक्सखाली घमेलं सरकवलं आणि तेल काढलं. खरं सांगायचं तर गॅरेजवाला लबाड निघावा असं तिला मनापासून वाटत होतं. तेल स्वच्छ निघावं, एखादा चवलीचा तुकडा झिजलेला सापडावा, आणि मग आपण जाऊन त्याच्या टेबलावर तो तुकडा आपटावा, इथपर्यंत तिची तयारी झाली होती. तेल उन्हात धरलं तर त्यात पितळेची बारीक चकाकी तरंगत होती. जमिनीवर पडलेल्या सुया गोळा करायचं तिचं जे लोहचुंबक होतं, ते तिने तेलातून फिरवलं. पहिल्याच फेरीला नखाएवढा पोलादी तुकडा लागला. दुसऱ्या फेरीला त्याचा भाऊ.

दोन दात. बॉक्स गेला होता. गॅरेजवाला खरं बोलला होता. याने ती शांत व्हायला हवी होती, पण झालं उलटंच. लबाड माणसावर चिडणं सोपं असतं. बरोबर असून उर्मट असलेल्याचं काय करायचं? तिने ते दोन दात पुसून बॉबिनच्या डबीत ठेवले, तेल फडक्यातून गाळून पुन्हा भरलं, आणि ठरवून टाकलं. बॉक्स आपणच बदलायचा. इथेच, घरी.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच गिअरवर ती भंगारवाल्याकडे गेली. मागून ठोकर बसलेली एक तशीच व्हॅन त्याच्याकडे पडून होती. तिचा बॉक्स त्याने काढून ठेवलेला. मशीनताईने तो हाताने फिरवून बघितला, पाचही गिअर टाकून बघितले, कान लावला. भंगारवाल्याने साखळीने उचलून काट्याला लावला: एकोणचाळीस किलो. तसाच साखळीने गाडीत सोडून दिला. तिने मनात हिशोब केला, दीड मशीन.

त्या घरात वजन मशीनमध्येच मोजायची पद्धत होती. गॅसचं सिलिंडर एका मशीनला थोडं वर. नवऱ्याची पुस्तकांची पेटी पाऊण मशीन. मुलगी आठवीत होती तेव्हा बरोब्बर दीड मशीन होती, आणि झोपली की तिला खांद्यावर टाकून आई माडीवर नेऊन निजवायची. ज्या बाईने झोपलेली दीड मशीन मुलगी जिना चढून नेली, ती पोलादाच्या दीड मशीनला काय भीक घालणार?

मग सल्ले यायला लागले. ही बातमी बाहेर कशी गेली देव जाणे. नवरा वाचनालयात कुणाजवळ तरी कौतुकाने बोलला असणार. पहिला फोन मोठ्या भाऊजींचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा. आयुष्यभर सरकारी गाडीच्या मागच्या सीटवर बसलेला माणूस, पण गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची समजूत. तो म्हणाला, “बाईमाणसाने रस्त्यावरून दिसेल असं गाडीखाली झोपायचं, ते बरं दिसतं का?” तिने विचारलं, बुवाने झोपलेलं बरं दिसतं का. त्यावर भाऊजींना अचानक दुसरा फोन आला.

शेजारणीने काळजीने सांगितलं की या वयात गार सिमेंटवर झोपलं की कंबर धरते. मुलगी दूर नोकरीला होती, तिने फोनवर दम भरला की व्हिडिओ बघून असले उद्योग करायचे नाहीत. मशीनताईने जन्मात एकही व्हिडिओ बघितलेला नव्हता. एका टेलरने तर सुचवलं की ताई, तुम्ही कशाला, साहेबांना करू द्या. साहेबांना! तिने त्या टेलरच्या मशीनचा पट्टा जरा जास्तच आवळून ठेवला, आणि संध्याकाळी वाईट वाटून पुन्हा जाऊन सैल करून आली.

नको म्हणणारे इतके, पण प्रत्येकाचं कारण असं की ऐकून तळपायाची आग मस्तकात जावी. कुणाला ती बाई होती म्हणून नको होतं, कुणाला वय झालं म्हणून, कुणाला लोक बघतील म्हणून. कामाविषयी एकजण बोलला नाही. गाडी उतरत्या जागेवर आहे, चाकांना काय लावणार, असं कुणी विचारलं नाही. तिने स्वतःच विचारलं होतं, आणि स्वतःच उत्तर काढलं होतं: मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, पुढे दोन लोखंडी स्टँड, जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. शाफ्ट कसा सुटणार, बोल्ट किती, कुठला आधी, हे तिने खाली वाकून बघून वहीत लिहिलं होतं. एका ओळीपुढे मात्र काही तपशील नव्हता. शेवटचा बोल्ट सुटल्यावर बॉक्स सरळ मागे ओढायचा आणि छातीवर उतरवून घ्यायचा. ‘धरायचा’, असा तिथे एकच शब्द होता.

राहता राहिला नवरा. सगळ्यांची मतं येऊन गेली तरी त्याचं काही येईना. शनिवारी जेवताना तिने सरळ विचारलं, करू की नको?

“तू ठरव,” तो म्हणाला.

त्याने हे अतिशय प्रेमाने म्हटलं. सत्तावीस वर्षं तो हेच म्हणत आला होता. मुलीचं नाव, मुलीची शाळा, हे घर, पडद्यांचा रंग. त्याची स्वतःची अक्कलदाढ काढायची की ठेवायची, हेसुद्धा तिनेच ठरवलं होतं. मैत्रिणी हेवा करायच्या, नवरा असावा तर असा. तिलाही आजवर ते दोन शब्द म्हणजे मान दिल्यासारखे वाटत आले होते. त्या शनिवारी पहिल्यांदा तिला त्यात नुसती रिकामी जागा दिसली. घरात कुणी ऐकत नसताना ‘तू ठरव’, आणि बाहेर लोकांसमोर ‘बरोबर आहे’. तिने ताट उचललं आणि मोरीत ठेवलं, जरा आवाज करूनच.

रविवारी सकाळी तिने ठरवलं की गाडीला हात लावण्याआधी रंगीत तालीम करायची. हीही तिची जुनी सवय. नवं मशीन उघडण्याआधी ती जुन्यावर हात फिरवून घ्यायची. बाहेरच्या खोलीत तिने गादी अंथरली, दोन्ही अंगांना बुटकी स्टुलं ठेवली, त्यांवर दोन फळ्या, मध्ये वीतभर फट, आणि फटीवर आडवं एक हेड. आपण खाली उताणं झोपायचं, दोन्ही हातांनी हेड फळ्यांवरून उचलायचं, वीस अंक मोजायचे, परत ठेवायचं. एक मशीन सहज उचललं तर दीडाचं काय ते बघता येईल. नवऱ्याला तिने अंक मोजायला उभा केला. तो पुस्तकात बोट घालून उभा राहिला.

ती उताणी झोपली. हेडखाली तळवे लावले. हेच हेड तिने शेकडो वेळा उचललं होतं, त्याचा तोल कुठे आहे हे तिला डोळे मिटून माहीत होतं. तिने जोर लावला. हेड हललं नाही. तिला वाटलं फळीत अडकलं असेल. पुन्हा जोर लावला, तेव्हा ते दोन बोटं वर आलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला हे कधीच उचलता येत नव्हतं. ती उचलायची ते टेबलावरून, उभं राहून, कमरेने, मांड्यांनी, पोटाशी धरून. वर चढवलेल्या त्या मुलीचं वजनही खांद्याने आणि पायांनी पेललं होतं. इथे पाय नव्हते, कंबर नव्हती. नुसते दोन बावन्न वर्षांचे दंड होते.

“तीन,” नवरा म्हणाला. “चार.”

पाचाला तिचा डावा हात कोपरात मुडपला. हेड कलंडलं. नवऱ्याने पुस्तक टाकून झेप घेतली आणि दोन्ही हातांनी ते धरलं, खरंच धरलं, पण क्षणभरच. मग ते त्याच्याही हातांतून घरंगळलं. तेवढ्या क्षणात ती कुशीवर वळली होती. धप्प असा जाड आवाज झाला. हेड गादीत रुतून पडलं होतं. दोघांनी मिळून ते बाजूला केलं तेव्हा तिथे खळगा होता, आणि त्याच्या अर्धा हात वर उशीवर तिच्या डोक्याची खूण होती. म्हणजे खळगा गळ्यावर आला असता.

हे एक मशीन होतं, कोरडं, ओळखीचं. बॉक्स दीड होता, तेलकट होता, आणि खाली गादी नव्हती.

“नाही करायचं,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. इतक्या जणांनी इतकी कारणं दिली, आणि जे खरं कारण होतं ते शेवटी तिलाच गादीवर उताणं पडून शोधावं लागलं. याचाही तिला राग आला. डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचंच. नवरा चेंगरलेलं बोट तोंडात धरून जमिनीवर बसला होता, पांढराफटक.

मग तिने विचारलं.

“त्या दिवशी तुम्ही मान का डोलावलीत?”

“कुठल्या दिवशी?”

“गॅरेजात. त्याने सांगितलं, आणि तुम्ही मान डोलावलीत.”

तो विचारात पडला. त्याला आठवतही नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं, आणि हे ऐकायची तिची तयारी नव्हती. तीन दिवस ज्या गोष्टीने तिच्या तोंडचा घास कडू केला होता ती या माणसाच्या खिजगणतीतही नव्हती.

“त्याने माझ्याकडे बघून सांगितलं म्हणून,” तो शेवटी म्हणाला.

“कळलं होतं?”

“एक अक्षर नाही.”

“मग बरोबर आहे कशाला म्हणालात?”

त्याने बोट तोंडातून काढून त्याच्याकडे बघितलं. “बाप्यासारखा बाप्या, आणि गिअरबॉक्स म्हणजे काय ते माहीत नाही, असं त्याच्यासमोर म्हणायची लाज वाटली.”

असं उत्तर येईल हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. तिने कारणं खूप योजली होती, हे त्यात नव्हतं. एरवी तिला हसू आलं असतं, कीवही आली असती. पण आली नाही, आणि तिने ती ओढूनताणून आणलीही नाही.

“तुमची लाज झाकायला तुम्ही मला बाजूला केलंत,” ती म्हणाली.

त्याने नाही म्हटलं नाही. असं नाही गं, तसं नव्हतं गं, यातलं काहीच म्हटलं नाही. नुसतं “हो” म्हणाला. आणि मग, त्याच्या सवयीने, तिच्याकडे बघून विचारलं की आता काय करू.

“ते तुम्ही ठरवा,” ती म्हणाली, आणि उठून गादी गुंडाळायला लागली.

सोमवारी ती गॅरेजात निघाली. दुसरा गॅरेजवाला शोधावा असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. पण हा निदान बरोबर तरी होता. बोलायची रीत एकवेळ शिकवता येते, चांगला कान कुणाला शिकवायचा? ती गाडी काढते तो नवरा शेजारी येऊन बसला. सकाळीच वाचनालयात फोन करून त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, तिला न विचारता. बोटाला पट्टी होती. दुसऱ्या गिअरचा आवाज एवढा होता की वाटेत बोलून उपयोग नव्हता.

गॅरेजवाला फडक्याला हात पुसत आला, आणि सवयीचाच गुलाम, पुन्हा नवऱ्यासमोर उभा राहिला. “या साहेब. मग काय ठरलं?”

मशीनताई मुद्दाम गप्प राहिली. किल्ली मुठीत घट्ट धरून ती नवऱ्याच्या मानेकडे बघत होती.

मान हलली नाही. तो लाल झाला, कानापर्यंत. मग म्हणाला, “मला गिअरबॉक्समधलं काहीही कळत नाही. गेल्या वेळी कळल्यासारखी मान हलवली, ते खोटं होतं. गाडी यांची आहे. यांनी तुम्हाला त्या दिवशी एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर राहिलंय.”

वाक्य पाठ केल्यासारखं आलं. केलंच असणार, वाटभर ओठ हलत होते. गॅरेजात चार माणसं होती, चौघांनी वर बघितलं. कुठला प्रश्न, हे गॅरेजवाल्याला आठवत नव्हतं. तेव्हा मशीनताईने बॉबिनची डबी उघडून त्याच्यासमोर धरली.

“तिसऱ्याचे आहेत. दोन,” ती म्हणाली. “हेच विचारत होते मी.”

त्याने एक दात उचलला, उजेडात फिरवला. मग तिच्याकडे बघितलं, आणि तिच्या खांद्यावरून मागे, गाडीच्या अंगावरच्या वीतभर अक्षरांकडे. वाचायला त्याला जरा वेळ लागला.

“तिसऱ्याचेच,” तो म्हणाला. “बेअरिंगही गेलं असणार. आवाज होता.”

“होता. उतारावर जास्त,” ती म्हणाली, आणि पुढचं सगळं तिने एका दमात सांगितलं. बॉक्स मी आणलाय, गाडीत आहे. लिफ्ट तुमची, जॅक तुमचा. मी इथेच उभी राहणार, बाहेर खुर्चीवर बसणार नाही. आणि मी वहिनी नाही. त्याने माफी वगैरे मागितली नाही. ती तशी अपेक्षाही करत नव्हती. तो म्हणाला, गाडी आत घ्या.

दुपारपर्यंत जुना बॉक्स खाली आला. पायाने दाबून वर चढणाऱ्या जॅकवर तो अलगद टेकला तेव्हा ती नुसती बघत राहिली; ज्याच्यापायी ती गळ्यावर खळगा पाडून घेणार होती ते सगळं दीड मशीन त्या एका दांडीने पेललं होतं. तिला बरं वाटलं आणि पुन्हा राग आला, की हे असं असतं एवढं सांगायला तरी कुणाची जीभ झडली होती?

नवा बॉक्स चढवताना घोडं अडलं. बॉक्स शेवटच्या बोटभर अंतरावर येऊन थांबला, शाफ्टचे दाते क्लचच्या खाचांत शिरेनात. गॅरेजवाल्याने पुढून हलवला, वरून दाबला, तोंडाने पुटपुटला. मशीनताईने विचारलं नाही. गिअर टाकला, मागच्या टोकाला हात घातला आणि डोळे मिटून फिरवायला लागली, केसभर, मग आणखी अर्धा केस.

“ताई, दिसत नाही हो काही,” गॅरेजवाला खालून म्हणाला. ताई हा शब्द त्याच्या तोंडून केव्हा आला ते त्यालाही कळलं नसावं. “दिवा धरायला सांगा कुणाला तरी.”

दिवा भिंतीला टांगलेला होता. नवऱ्याने तो काढला, वायर ओढत जवळ आला, आणि गॅरेजवाल्याकडे न बघता तिला विचारलं, कुठे धरू. तिने सांगितलं, क्लचवर नको, शाफ्टचं टोक जिथे आत शिरतंय तिथे, खालच्या अंगाने, म्हणजे माझ्या हाताची सावली पडणार नाही. तो गुडघ्यांवर बसला, आणि दिवा नेमका तिथे धरला.

त्याने मान डोलावली. या वेळी त्याला कळलं होतं.